सिंधूच्या बाजूनं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी चकलीच्या भाजणीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. "काकू, यंदा हॉलंडच्या इतिहासावर काहीतरी द्या. फक्त ट्युलिप आणि व्हॅन गॉग नको, ते मागच्या अंकात झालं." मी हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला ज्या इतिहासावर लिहायचंय तो दिवाळी अंकात शोभेल की नाही याची शंकाच आहे. पण मंडळी, फराळाच्या ताटात एखादं कडू कारीट फोडायची रीत आपल्याकडे आहेच. तेव्हा हा लेख तसा समजून वाचा.

सुरुवात करते २०११ सालापासून. माझा मोठा भाऊ आणि वहिनी पहिल्यांदाच हॉलंडला आले होते. ॲमस्टरडॅमला आम्ही स्टेशनवरून बाहेर पडलो आणि झेडाइक नावाच्या जुन्या वाकड्या रस्त्यानं निघालो. दुतर्फा चिनी खानावळी, आणि मध्येच ते मोठं बौद्ध देऊळ, २००० साली राणी बेआट्रिक्सच्या हस्ते उघडलेलं. वहिनी देवळाचे फोटो काढत होत्या. मी गाइडच्या थाटात सांगितलं, "दादा, ऐंशी साली तू इथे आला असतास ना, तर हातातली पिशवी राहिली नसती. सगळा रस्ता हेरॉइनचा बाजार होता."

दादा थांबला. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं नजर फिरवली आणि विचारलं, "मग ती पोरं कुठे गेली?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं या देशात राहत होते, पाहुण्यांना हा रस्ता दाखवत होते, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. दादाला मात्र तो पहिल्या मिनिटाला पडला. कारण तो स्वतः त्या पोरांपैकी एक होता. झेडाइकवर नाही, लालबागला.

हे वाक्य लिहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. पण आधी इतिहास.

जुनं देणं

डच आणि आपण यांची ओळख फार जुनी. वेंगुर्ल्याला गेलात तर डच वखारीचे पडके अवशेष अजून दिसतात. १६३७च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीनं, म्हणजे व्हीओसीनं, तिथे ठाण मांडलं ते गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला. पण कंपनीची हिंदुस्थानातली खरी कमाई दुसरीकडे होती, आणि तिच्यातला एक जिन्नस होता अफू. बिहार-बंगालमध्ये पिकलेली अफू कंपनी विकत घ्यायची आणि जावा बेटावर नेऊन चढ्या भावानं विकायची. १६७७ साली जावातल्या मातारामच्या राजाशी तह करून कंपनीनं तिथल्या अफूच्या आयातीचा मक्ताच मिळवला. पुढे १७४५मध्ये या व्यापारासाठी बटाव्हियात एक वेगळी मंडळी स्थापन झाली. अफूला तेव्हा डच 'आम्फियून' म्हणत. आपल्या 'अफीम'चा तो सख्खा चुलतभाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच सरकारनं मक्तेदारांना बाजूला केलं आणि अफू स्वतःच विकायला घेतली. १८९४ साली मदुरा बेटावर प्रयोग सुरू झाला आणि दहा वर्षांत सगळ्या जावावर पसरला. सरकारी कारखान्यात अफू शिजायची, सरकारी दुकानातून विकली जायची, आणि पैसा सरकारी तिजोरीत. शिवाय १९०० साली ॲमस्टरडॅममध्ये चक्क कोकेनचा कारखाना निघाला. जावातल्या मळ्यांतली कोकाची पानं त्याचा कच्चा माल. औषधाच्या नावानं सगळं कायदेशीर!

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही हं. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकणारी अफू आधी दमणमार्गे आणि पुढे उघडपणे मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या कितीतरी मोठमोठ्या पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात जी दौलत कमावली तिच्यात अफूचा वाटा मोठा होता, आणि त्याच दौलतीतून दिलेल्या देणगीवर १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. गिरण्या आल्या तेव्हा गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जायच्या. बाळ पाळीभर झोपून राहायचं. १९२०च्या दशकातल्या सरकारी चौकशांमध्ये याची नोंद आहे. माझी आजी हे सहज सांगायची, गुटी उगाळल्यासारखं. कुणाला दोष देणार? बाळाजवळ बसायला घरात माणूस नव्हतं.

आता गंमत बघा. ज्या देशाच्या वसाहतीत अफूची सरकारी दुकानं चालू होती, त्याच देशाच्या हेग शहरात १९११च्या डिसेंबरात जगातली राष्ट्रं अफूला आळा घालायला जमली, आणि २३ जानेवारी १९१२ला पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. त्या कराराचं पालन म्हणून नेदरलँड्सनं १९१९ साली आपला अफू कायदा केला, 'ओपियमवेट'. नाव अजून तेच आहे.

१९१९

हे साल वाचून मी थबकले. कारण १९१९ म्हणजे 'एकच प्याला'चं साल. राम गणेश गडकरी त्या वर्षी जानेवारीत गेले, आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीनं ते नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. कथा तुम्हाला ठाऊकच आहे. हुशार वकील सुधाकर एका अपमानापायी पेल्याकडे वळतो, तळीराम त्याला साथ देतो, घर धुळीला मिळतं. सिंधू लोकांची दळणं दळते. शेवटी नवऱ्याच्याच हातून मूल जातं आणि तिलाही मरणाचा घाव बसतो. पण मरताना पोलिसांपुढे ती नवऱ्याला वाचवणारी जबानी देते.

माझ्या आईनं ते नाटक लहानपणी गावच्या जत्रेत पाहिलं होतं. ती सुधाकरबद्दल फारसं बोलायची नाही. सिंधूबद्दल बोलायची. "बाई असावी तर अशी." गडकऱ्यांना दारूचा भयानकपणा दाखवायचा होता आणि तो त्यांनी असा दाखवला की शंभर वर्षांनंतरही अंगावर काटा येतो. पण प्रेक्षकातल्या बायका घरी नेताना जे घेऊन गेल्या ते वेगळंच होतं. झाकायचं, सोसायचं, आणि विचारलंच तर खोटं सांगायचं.

त्याच काळात इकडे काय चाललं होतं? इथे जिनचा सुळसुळाट होता. १८९१मध्ये उत्तरेकडे एल्डे गावी 'होख हुलन' नावाचं दारुड्यांसाठीचं पहिलं उपचारगृह निघालं. १९०९ साली ॲमस्टरडॅमला पहिलं सल्ला केंद्र उघडलं. माणसाला घरीच राहू द्यायचं, कामावर जाऊ द्यायचं, आणि ठरल्या दिवशी त्यानं येऊन बोलायचं, अशी कल्पना. दारुड्या म्हणजे पापी नव्हे, आजारी माणूस, हा विचार तिथे हळूहळू रुजत होता. ॲमस्टरडॅममधल्या 'येलिनेक' या उपचारसंस्थेचं नाव ज्या संशोधकावरून पडलं, त्या ई. एम. जेलिनेक यांनी पुढे १९६० साली पुस्तक लिहून हाच विचार जगभर नेला.

भाषेचीही एक मजा सांगते. व्यसनाला डचमध्ये 'फर्स्लाविंग' म्हणतात. त्यात 'स्लाफ', म्हणजे गुलाम, हा शब्द बसलेला आहे. आणि आपल्या 'व्यसन' शब्दाचा संस्कृतात एक अर्थ आहे संकट. दोन्ही अर्थ खरे. गुलाम होतो तो एक माणूस, आणि संकट येतं ते सगळ्या घरावर.

झेडाइक आणि लालबाग

१९७२च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये हेरॉइन आलं. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झाला, आणि त्याच्या आगेमागे तिथून हजारो कुटुंबं इकडे आली. त्यातल्या ज्या पोरांना काम नाही, घर नाही, शहरात ओळख नाही, त्यातली बरीच झेडाइकवर सापडू लागली. नुसती सुरीनामी नव्हेत, डच पोरंही होतीच. १९७६मध्ये सरकारनं कायदा बदलला. गांजा-चरस एका यादीत आणि हेरॉइन-कोकेन दुसऱ्या, जास्त धोकादायक यादीत. पण कायद्यानं काही रस्ता रिकामा होत नाही.

१९७९ साली ॲमस्टरडॅमच्या आरोग्य खात्यानं एक बस रस्त्यावर आणली. ठरल्या वेळी ठरल्या जागी उभी राहायची आणि व्यसनी माणसांना मेथाडोन द्यायची. हेरॉइनऐवजी तोंडावाटे घ्यायचं औषध, म्हणजे त्रास थांबतो, चोरी करावी लागत नाही, आणि रोज कुणीतरी त्या माणसाचा चेहरा बघतं. त्याआधीच १९७७मध्ये ॲमस्टरडॅमला व्यसनी माणसांची आणि त्यांच्या पाठीराख्यांची संघटना उभी राहिली होती, एम.डी.एच.जी. रॉटरडॅमला तर 'युंकीबॉन्ड' निघाला, शब्दशः गर्दुल्ल्यांची युनियन! आम्ही गिरणगावची माणसं, युनियन आम्हाला नवी नाही, पण हे वाचून मी चाट पडले. या युनियनवाल्यांच्याच रेट्यामुळे १९८४ला ॲमस्टरडॅममध्ये जुन्या सुया घेऊन नव्या देण्याची सोय झाली. तेव्हा भीती काविळीची होती. एड्सचं संकट पुरतं कळलं तेव्हा ही सोय हाताशी तयार होती.

सगळं गोड झालं असं नाही. रॉटरडॅम स्टेशनजवळचा 'पेरॉन नुल', म्हणजे शून्य क्रमांकाचा फलाट, १९८७पासून व्यसनी लोकांसाठी राखला गेला. हेतू चांगला, पण पुढे त्याचं जत्रेत रूपांतर झालं आणि १९९४च्या अखेरीस तो बंद करावा लागला. झेडाइकवर १९८५पासून एक कंपनी स्थापन करून पडकी घरं विकत घेतली, दुरुस्त केली, भाड्यानं दिली. रस्ता सुधारला. आणि पोरं? काही मेली. काही मेथाडोनवर म्हातारी झाली. ज्यांना कशाचाच उपयोग झाला नाही अशा थोड्यांना १९९८पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइनच देऊन बघितलं, आणि २००६मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. हे सगळं मी दादा परत गेल्यावर वाचनालयात बसून शोधलं आणि त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मोजदाद ठेवली कुणीतरी."

आमच्याकडे कुणी मोजदाद ठेवली नव्हती. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही. बाबा विणकाम खात्यात होते, दादा नुकताच बदली कामगार म्हणून लागला होता. दोघंही घरी. चाळीच्या दाराशी पत्ते कुटणारी तरणीताठी पोरं, खिशात दमडी नाही आणि दिवस संपता संपत नाही. नेमक्या त्याच वर्षांत अफगाणिस्तान-पाकिस्तानकडची ब्राऊन शुगर मुंबईत स्वस्तात मिळू लागली. लोक तिला गर्द म्हणायचे. सिगारेटच्या पाकिटातली पन्नी, खालून काडी, आणि वर येणारा धूर. पहिल्या दोन-चार पुड्या फुकट. नंतर मिळाली नाही की 'टर्की', म्हणजे अंग पिळवटून काढणाऱ्या वेदना.

घरातून आधी माझं घड्याळ गेलं. मग आईचा पितळेचा हंडा. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "कल्हईला दिलाय." हंडा काही आला नाही. मग घंगाळ कल्हईला गेलं. मग परात. काकूंनी पुढे विचारायचं सोडून दिलं. चाळीतल्या निम्म्या घरांची भांडी तेव्हा कल्हईला गेली होती, हे मला खूप उशिरा कळलं. प्रत्येक घर आपापल्या सिंधूच्या भरवशावर दार लावून बसलं होतं.

मग कुणीतरी तो रामबाण उपाय सुचवला. लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. १९८६च्या एप्रिलमध्ये आम्ही मुलगी बघायला गेलो. बाबा, मामा, आई आणि मी. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. पोहे झाले, आणि मुलीच्या आईनं मला आत बोलावलं. मी बहीण, खरं सांगेन असं तिला वाटलं असणार. हळूच विचारलं, "मुलगा निर्व्यसनी आहे ना गं?"

मी म्हटलं, "अहो, सुपारीचं खांडसुद्धा नाही."

मुक्तांगण

त्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ला, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली होती. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे इतके हलले की अशा मुलांसाठी काही करणार असाल तर आम्ही पैसे देतो असं त्यांनी कळवलं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट, त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. जागा सरकारी, देणगी पुलंची, आणि खांदा मुख्यतः त्यांचा. सगळे त्यांना मॅडम म्हणत. कर्करोगाशी झुंजत त्यांनी १९९७ला अखेरचा श्वास घेतला. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे काम हाती घेतलं. बाबा, म्हणजे अनिल अवचट, २०२२च्या जानेवारीत गेले.

माझ्या वहिनीनं अवचटांचं ते लेखन वाचलं होतं. आधी आम्ही दादाला एका खाजगी ठिकाणी ठेवून पाहिलं होतं. तिथे त्याला खाटेला बांधून ठेवलं, आणि सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पुडीकडे गेला. १९८८ साली वहिनीनं कुणाला न विचारता दादाला पुण्याच्या गाडीत बसवलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "येरवड्याला नेतेय माझ्या मुलाला! लोक काय म्हणतील?" आपल्याकडे येरवडा आणि ठाणे ही गावांची नावं राहिलेलीच नाहीत, त्या शिव्या झाल्यात. त्या शिवीच्या आवारात वहिनी आपण होऊन गेली.

मुक्तांगणची रीत थोडक्यात सांगते. पस्तीस दिवस राहायचं. पहिले दिवस औषधं, अंगातलं विष उतरेपर्यंत. मग योगासनं, काम, गटात बोलणं, समुपदेशन. कुलूप-साखळीवर भिस्त नाही. सांभाळणारे बरेचसे कार्यकर्ते स्वतः त्यातून बाहेर पडलेले. त्यामुळे पेशंटची थाप त्यांना पहिल्याच वाक्यात कळते. घरी गेल्यावर पाठपुराव्याला यायचं, वर्षानुवर्षं. आणि पुन्हा एकदाही घ्यायची नाही, अगदी बिअरसुद्धा नाही. इथल्या मेथाडोन बसची वाट वेगळी आणि ही वाट वेगळी. एके काळी मला यातली एक बरोबर आणि एक चूक वाटायची. आता वाटतं, बसनं माणूस जिवंत ठेवला आणि मुक्तांगणनं त्याला घरी पाठवलं. ज्या माणसाला आज ज्याची गरज आहे ते.

पण वहिनी अजूनही जे सांगते ते उपचारांबद्दल नसतंच. दादाला दाखल करून ती बाहेर बाकावर बसली होती. तिथला एक कार्यकर्ता आला आणि त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?" ती म्हणते, लग्न झाल्यापासून दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, तो कसा आहे.

बाकावर बसलेली माणसं

व्यसनाचा इतिहास लिहिणारे अफूचा भाव लिहितात, कायद्याची कलमं लिहितात, डॉक्टरांची नावं लिहितात. बाकावर बसलेल्या माणसांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. तो असा आहे.

१९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहू लागले. ती 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची सुरुवात. त्यांच्या बायका बैठकींच्या वेळी चहा-कॉफीचं बघत. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही बोलायचंय. १९५१ साली त्यांनी घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' सुरू केलं. ए.ए. भारतात आलं ते १९५७च्या सुमारास, आणि आज तालुक्याच्या गावांतसुद्धा मराठीतून बैठका होतात. मुक्तांगणमध्ये पेशंटांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. तिथे बायकांना जे शिकवतात ते 'एकच प्याला'च्या बरोब्बर उलटं आहे. त्याचं कर्ज फेडू नका. ऑफिसात फोन करून ताप आलाय असं सांगू नका. हंडा कल्हईला दिलाय असं म्हणू नका. तुम्ही झाकलंत की त्याला बरं व्हायची घाई राहत नाही. आणि त्याच्या व्यसनाला कारण तुम्ही नाही, हे आरशासमोर उभं राहून रोज म्हणा.

मनाच्या इतर आजारांचंही तेच. नेदरलँड्समध्ये १९८४ साली 'इप्सिलोन' ही संस्था स्थापन झाली. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या आईबापांनी, भावंडांनी स्वतः काढलेली. तोपर्यंत डॉक्टर त्यांना एक तर टाळायचे, नाहीतर आजाराचं खापर त्यांच्यावर फोडायचे. आपल्याकडे हे काम पुण्याच्या 'सा'नं, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं, १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. त्यामागे होते कॅनडातल्या कॅलगरीचे डॉ. जगन्नाथ वाणी, म्हणजे आपल्यासारखेच परदेशस्थ मराठी. त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा २००४ सालचा 'देवराई' त्यांच्याच पुढाकारातून झाला. त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. मी तो सिनेमा इथे सीडीवर पाहिला आणि नवऱ्याला म्हटलं, डोळ्यात कांद्याचा वास गेलाय. घरात कांदा नव्हता.

इथे घरच्या माणसानं केलेल्या सेवेला 'मान्टलझोर्ख' म्हणतात. 'मान्टल' म्हणजे अंगावरचा झगा, पांघरूण. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हातिंगा फर्सख्यूर नावाच्या प्राध्यापकांनी हा शब्द घडवला. मला तो फार आवडतो, कारण आपल्याकडे पदराखाली घेणं म्हणतात तेच हे. पण फरक आहे. आपण पदराखाली घेतो तेव्हा झाकतोही. इथे सेवा करणाऱ्याला नगरपालिका विचारते, तुम्हाला मदत हवी का, सुट्टी हवी का. पदर ज्याचा आहे त्यालाही थंडी वाजते, एवढं इथल्या कायद्याला कळलेलं आहे.

आपलं काय?

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. गणपतीला हॉलमध्ये आपण सहाशे माणसं जमतो. सगळ्यांचं उत्तम चाललेलं असतं. पण या पंधरा वर्षांत तीन घरांतून मला रात्री उशिरा फोन आलेले आहेत. एकाकडे दारू, एकाकडे ऑनलाइन जुगार, एका ठिकाणी नव्यानं आलेली मुलगी, चार महिने अंधाऱ्या हिवाळ्यात बंद खोलीत, कुणाशी बोलायला नाही. तिघांचंही पहिलं वाक्य एकच, "काकू, मंडळात कुणाला सांगू नका."

हेगमध्ये आपले जुने भाऊबंद आहेत, हिंदुस्थानी सुरीनामी. त्यांचे पूर्वज १८७३पासून 'लल्ला रूख' आणि नंतरच्या जहाजांतून सुरीनामला गेले. त्यांच्यातल्या तरुण मुलींमध्ये जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या प्रयत्नांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसून आलं. घराची अब्रू आणि मनातलं दुःख यांच्यात त्या सापडल्या होत्या. तिथल्या लोकांनी त्यावर देवळांतून, सभांमधून उघड बोलायला सुरुवात केली. आपण काय करणार आहोत?

सोय आहे हो. पहिला दरवाजा आपला हाउसआर्त्स. त्याच्याकडे फक्त पॅरासिटामॉल मिळतं अशी आपण थट्टा करतो, पण व्यसन किंवा मनाचा त्रास म्हटलं की पुढची चिठ्ठी तोच देतो. त्याच्या दवाखान्यात बहुधा मनाच्या त्रासाबद्दल बोलायला वेगळी व्यक्तीही असते. त्यांनी गुप्तता पाळायची असते, ऑफिसला कळत नाही. जीव नकोसा झाला तर ११३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. भारतात असाल तर टेली-मानस, १४४१६, तिथे मराठीतूनही बोलता येतं. मन मोकळं करायला शेवटी आईची भाषाच लागते, हे डच डॉक्टरही मान्य करतात.

वहिनीचं उत्तर

२०११च्या त्या मुक्कामात शेवटच्या रात्री दादा झोपला होता. त्याला व्यसनातून सुटून तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. आज सदतीस झाली. डोंबिवलीला त्याचं छोटंसं झेरॉक्सचं दुकान आहे. आई १९९०मध्ये गेली, तेव्हा तो शुद्धीत तिच्या उशाशी होता एवढं सुख तिला मिळालं. मी ओट्याशी उभी होते, वहिनी डबे भरत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, मला तुमच्या आईला एकदा सांगायचं होतं. त्या गेल्या. तुम्हाला सांगते. त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून..."

"सुपारीचं खांडसुद्धा नाही," वहिनी म्हणाल्या.

मी बघतच राहिले.

"आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, बहिणीनं शब्द दिलाय म्हणून. लग्नानंतर आठव्या दिवशी मला पन्नी सापडली. ताई, मला त्यांच्यापेक्षा तुमचा राग जास्त होता. पाच-सहा वर्षं होता. गटात मी पहिल्यांदा तोंड उघडलं ना, ते यांच्याबद्दल नाही. तुमच्याबद्दल बोलले."

मी काय बोलणार? म्हटलं, "आता?"

"आता नाही. बोलून संपला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पण तुम्ही बोललात का कधी कुठे?"

तेव्हा नाही म्हणाले. इतक्या वर्षांत जवळचे दोघं-चौघं सोडले तर नाहीच. या लेखासाठी दादाला फोन करून परवानगी विचारली. तो म्हणाला, "लिही, नाव नको घालू. पण लालबाग लिही." वहिनी मागून ओरडल्या, "आणि हंड्याचं लिहा!"

लिहिलं. अंक हातात पडला की हॉलमध्ये भेटूच. कुणाला काही सांगायचं असेल तर मी नेहमीसारखी चहाच्या टेबलापाशी असेन. आणि काही सांगायचं नसेल, तर चकली घ्या. भाजणी घरची आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.